हक्क राखून ठेवलेलं हसू

मूकपटांतल्या विनोदवीरांची नावं विचारली, तर आपल्याकडे पहिलं नाव चॅप्लिनचं येतं. फिल्म सोसायटीत जाणारा प्रेक्षक पाठोपाठ बस्टर कीटनचं नाव घेतो. तिसरं नाव सहसा कुणाला आठवत नाही, आठवतं ते एक चित्र: गोल चष्मा घातलेला एक तरुण उंच इमारतीवरच्या प्रचंड घड्याळाच्या काट्याला लटकला आहे आणि खोल खाली मोटारींनी गजबजलेला रस्ता दिसतो आहे. हा तरुण म्हणजे हॅरल्ड लॉइड. १९२१ ते १९२८ या काळात त्याने अकरा मोठे मूक विनोदपट दिले. त्या दशकात त्याच्या चित्रपटांनी जमवलेला एकूण गल्ला चॅप्लिनच्या गल्ल्यापेक्षा मोठा होता, कारण चॅप्लिन एका चित्रपटाला दोन-तीन वर्षं लावायचा, तर लॉइड वर्षाला एक-दोन चित्रपट हमखास आणायचा.

असा माणूस विसरला कसा गेला? बोलपट आले आणि मूकपटांचे नट संपले, हे उत्तर तयार असतं, पण लॉइडच्या बाबतीत ते अपुरं आहे. त्याच्या चित्रपटांचा मालक तो स्वतः होता आणि ही मालकी त्याने इतक्या कसोशीने जपली की दोन पिढ्यांना ते चित्रपट धड बघायलाच मिळाले नाहीत. त्याच्या कारकिर्दीकडे मी याच बाजूने पाहतो. त्याचं वैभव आणि त्याचं विस्मरण, दोन्हींचं मूळ एकाच स्वभावात होतं.

हॅरल्डचा जन्म २० एप्रिल १८९३ रोजी नेब्रास्का राज्यातल्या बर्चर्ड या लहानशा गावात झाला. वडील जेम्स लॉइड यांना सगळे ‘फॉक्सी’ म्हणत. एक धंदा बुडाला की दुसरा करून बघायचा, हा त्यांचा खाक्या, त्यामुळे कुटुंबाचं बिऱ्हाड सतत पाठीवर असायचं. १९१० मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. पुढे एका अपघाताची नुकसानभरपाई म्हणून वडिलांच्या हाती थोडी रक्कम आली आणि बापलेकांनी गाव सोडायचं ठरवलं. पूर्वेला न्यूयॉर्क गाठायचं की पश्चिमेला कॅलिफोर्निया, याचा फैसला त्यांनी नाणं उडवून केला, असं लॉइड पुढे सांगत असे. नाण्याने कॅलिफोर्निया सांगितलं. हॅरल्डला लहानपणापासून नाटकाचं वेड होतं. सॅन दिएगोत तो नाटकात कामं करू लागला आणि तिथेच एडिसन कंपनीच्या एका चित्रपटात त्याला अंगाला रंग फासून आदिवासी म्हणून उभं राहायची संधी मिळाली. पडद्यावरचं त्याचं पहिलं काम ते हेच.

लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सलच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला आत सोडेना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रंगवलेल्या चेहऱ्यांचे एक्स्ट्रा घोळक्याने बाहेर जातात आणि तसेच परत येतात, त्यांना कुणी अडवत नाही, हे त्याने हेरलं. दुसऱ्या खेपेला तो स्वतःच तोंडाला रंग लावून आला आणि परतणाऱ्या घोळक्यात मिसळून आत गेला. त्या आवारात त्याची गाठ हॅल रोच नावाच्या दुसऱ्या एका एक्स्ट्राशी पडली. रोचला वारशाने थोडे पैसे मिळाले, १९१४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि लॉइडला विनोदी नट म्हणून घेतलं. लॉइड आपण होऊन विनोदाकडे वळला नव्हता. त्याला गंभीर नट व्हायचं होतं, पण काम मिळालं ते विनोदाचं. विनोदाची उपजत देणगी आपल्याकडे नाही, आपण नट आहोत आणि विनोद शिकून घ्यायचा आहे, ही जाणीव त्याला अखेरपर्यंत होती. चॅप्लिन आणि कीटन दोघेही लहानपणापासून रंगमंचावर लोकांना हसवत मोठे झाले होते. लॉइडने ही विद्या कष्टाने कमावली.

सुरुवातीची वर्षं तशी नकलेचीच गेली. आधी ‘विली वर्क’ नावाचं एक पात्र करून पाहिलं. मग मजुरीवरून रोचशी बिनसलं, कारण कंपनीतल्या दुसऱ्या नटाला जास्त पैसे मिळत होते. थोडे दिवस तो मॅक सेनेटच्या कीस्टोनमध्ये गेला आणि परत आला. १९१५ मध्ये ‘लोन्सम लूक’ हे पात्र जन्मलं. चॅप्लिनची पँट ढगळ, तर लूकची तंग, एवढाच काय तो वेगळेपणा. पाथे कंपनी हे लघुपट वितरित करायची, ते चालायचेही, सोबत बीबी डॅनियल्स आणि स्नब पोलार्ड असायचे. लॉइडला मात्र या नकलेची मनापासून शरम वाटायची. चित्रगृहात बसला असताना, हा चॅप्लिनची नक्कल करतो, हे एखाद्या पोराच्या तोंडून ऐकायला मिळेल याची त्याला धास्ती होती.

१९१७ मध्ये त्याने चष्मा घातला. कासवाच्या पाठीसारख्या रंगाची जाड, गोल फ्रेम. आत काचा नाहीत, कारण काचेवर दिव्यांचा उजेड चमकला असता. ही एवढीशी वस्तू विनोदपटाच्या इतिहासात फार मोठी ठरली. तोवरचा विनोदी नट दुरूनच विनोदी दिसायचा: चिकटवलेल्या मिशा, तिरळे डोळे, अवाढव्य देह किंवा भलते बूट. चष्म्यातला तरुण मात्र शेजारच्या घरातला वाटतो. तो बँकेत, दुकानात, कॉलेजात कुठेही असू शकतो. तो प्रेमात पडला तर खरं वाटतं आणि मुलगीही त्याच्या प्रेमात पडू शकते. चष्म्यामुळे तो जरा बुजरा, पुस्तकी दिसतो. म्हणूनच तो भिंतीवर चढतो किंवा चालत्या ट्रॅमवर उडी मारतो तेव्हा प्रेक्षक चकित होतो. शिवाय हे पात्र एका साच्यात अडकलेलं नव्हतं. एका चित्रपटात तो कोट्यधीश, दुसऱ्यात खेडवळ, तिसऱ्यात भित्रा आणि चौथ्यात नुसत्या थापा मारणारा. चॅप्लिनचा भटक्या सगळीकडे भटक्याच असतो. लॉइडचा हॅरल्ड दर वेळी नवा माणूस असायचा आणि तरीही ओळखीचा.

पाथेला लूक सोडायचा नव्हता, त्यांचा धंदा चालला होता. लॉइड हटून बसला. आणखी एक गोष्ट त्याने मागितली आणि त्यात त्याची व्यापारी अक्कल दिसते. लूकचे चित्रपट दोन रिळांचे होऊ लागले होते, पण चष्म्याच्या पात्राला एकाच रिळाचे चित्रपट हवेत, असं त्याने सांगितलं. एकरिळी म्हणजे दहा-बारा मिनिटांचा खेळ. तो लवकर तयार होतो, वारंवार पडद्यावर येतो, एखादा पडला तर पुढचा लगेच येतो आणि प्रेक्षकाला चेहऱ्याची सवय लागते. मोठेपणा पुढे ढकलून ओळख आधी पक्की करायची, हा हिशेब चोविसाव्या वर्षी त्याने मांडला.

दोन वर्षांत ओळख पक्की झाली, पाथेशी दोनरिळी चित्रपटांचा नवा करार झाला. २४ ऑगस्ट १९१९ रोजी, रविवारी, तो लॉस एंजेलिसमधल्या विट्झेल यांच्या स्टुडिओत जाहिरातीचे फोटो काढून घ्यायला गेला. सिगारेट पेटवायला काडीऐवजी बाँबची पेटती वात वापरणारा बेफिकीर तरुण, अशी एक पोझ होती. हातात दिलेला बाँब नकली समजला गेला होता. तो फुटला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, चेहरा भाजला आणि दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली. कित्येक दिवस तो अंधारात पडून होता. हळूहळू डोळे सावरले, चेहऱ्यावर व्रण फारसे राहिले नाहीत, बोटं मात्र गेली ती गेलीच.

यानंतर त्याने जे केलं त्याची नोंद आवर्जून घ्यायला हवी. कातडीच्या रंगाचा एक खास हातमोजा बनवून घेतला, त्यात कृत्रिम अंगठा आणि तर्जनी बसवली आणि १९२० च्या सुरुवातीला अर्धवट राहिलेला ‘हॉन्टेड स्पूक्स’ पुरा करायला तो सेटवर उभा राहिला. त्या छोट्या चित्रपटात काही प्रसंगांत त्याचा अखंड हात दिसतो आणि काहींत हातमोजा, पण सांगितल्याशिवाय ते लक्षात येत नाही. आपल्या हाताची कीव करून प्रेक्षकाने हसावं, हे त्याला मंजूर नव्हतं. सामान्य प्रेक्षकाला या दुखापतीची कल्पना येऊ नये म्हणून तो पडद्यावर आणि पडद्याबाहेर काळजी घेत राहिला. त्याचे सगळे मोठे चित्रपट या अपघातानंतरचे आहेत. घड्याळाच्या काट्याला धरलेल्या त्या हातांना मिळून आठच बोटं होती.

१९२२ चा ‘ग्रँडमाज बॉय’ हा मला त्याच्या वाटचालीतला खरा वळणाचा चित्रपट वाटतो. नायक भित्रा आहे. आजी त्याला एक ताईत देते आणि सांगते की तुझे आजोबाही असेच भित्रे होते, यादवी युद्धात हा ताईत जवळ आला आणि ते शूर झाले. नातू त्या बळावर गावाला छळणाऱ्या गुंडाला पकडतो आणि मग आजी दाखवते की ताईत म्हणजे तिच्या छत्रीची मूठ आहे! चित्रपट सुरू झाला दोन रिळांचा म्हणून, गोष्ट वाढत गेली आणि पाच रिळांचा झाला. लॉइडला त्यातली भावना प्रिय होती. चाचणी खेळात लोक पुरेसे हसले नाहीत. रोचने ऐकवलं की आपण विनोदी माणसं आहोत, हशे घाला. लॉइडने परत काम करून हशे घातले, पण गोष्टीचा गाभा तसाच ठेवला. विनोद माणसाच्या स्वभावातून निघाला पाहिजे, हे सूत्र त्याला इथे सापडलं.

हे चाचणी खेळ त्याच्या कामाचा कणा होते. चित्रपट पुरा झाला की तो एखाद्या चित्रगृहात न सांगता लावायचा, प्रेक्षकांत बसून कुठे हशा येतो, कुठे विरतो ते टिपायचा आणि परत जाऊन प्रसंग कापायचा, लांबवायचा, प्रसंगी नव्याने चित्रित करायचा. विनोदी प्रसंग सुचवणाऱ्या पगारी गॅगमनांची फौज त्याच्याकडे असायची. दिग्दर्शक म्हणून फ्रेड न्यूमेयर, सॅम टेलर, टेड वाइल्ड यांची नावं श्रेयनामावलीत येतात, स्वतःचं नाव दिग्दर्शक म्हणून त्याने लावलं नाही. पण अखेरचा शब्द त्याचाच असायचा.

आता ‘सेफ्टी लास्ट!’. लॉस एंजेलिसमध्ये बिल स्ट्रदर नावाच्या बांधकामावरच्या एका कामगाराला इमारतीवर हातापायांनी चढताना लॉइडने पाहिलं. त्या काळी असे ‘मानवी माश्या’ जाहिरातीसाठी इमारती चढत आणि खाली गर्दी जमे. लॉइडला ते बघवेना, तो निघून गेला, मग राहवलं नाही म्हणून कोपऱ्याआडून परत डोकावून पाहू लागला. बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही, ही स्वतःची अवस्था त्याने ओळखली आणि त्यावरच चित्रपट उभा केला. स्ट्रदरलाच नायकाच्या मित्राची भूमिका दिली. त्याच्या पायाला दुखापत झाली, तर पात्रही लंगडं केलं. चढाईचा शेवटचा भाग आधी चित्रित झाला आणि तो जमला अशी खात्री पटल्यावर गोष्टीची सुरुवात रचली.

गोष्ट साधी आहे. गावाकडचा मुलगा शहरात येतो, मोठ्या दुकानात कापड विकणारा किरकोळ कारकून होतो आणि गावातल्या प्रेयसीला आपण साहेब झालो अशा थापा पत्रांतून लिहितो. ती अचानक येऊन ठेपते. दुकानाकडे गर्दी खेचायची युक्ती सुचवणाऱ्याला हजार डॉलर मिळणार असतात. मित्राने इमारत चढायची असं ठरतं, पण मित्राच्या मागे पोलीस लागलेला. मित्र म्हणतो, एक मजला तू चढ, वर मी बदली घेतो. मग दुसरा मजला, मग तिसरा. प्रत्येक खिडकीशी नवं विघ्न: कबुतरं, जाळं, रंगाऱ्यांची फळी, पँटमध्ये शिरलेला उंदीर आणि ते घड्याळ.

हे केलं कसं? वेगवेगळ्या उंचीच्या खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर दुकानाच्या दर्शनी भिंतीचा देखावा उभारला. कॅमेरा अशा कोनात लावला की देखाव्यामागे खरा रस्ता खरा तेवढा खोल दिसावा. जसजसा नायक वर जातो तसतशी अधिक उंच इमारत निवडली. देखाव्याखाली काही अंतरावर गाद्या घातलेला मचाण असायचा, कठडा मात्र नव्हता. एकदा चाचणी म्हणून बाहुला टाकून पाहिला तेव्हा तो गादीवर आपटून उसळला आणि खाली रस्त्यावर गेला. दूरच्या दृश्यांत भिंत चढणारा माणूस स्ट्रदर आहे. काही धोक्याच्या जागी हार्वी पॅरी या स्टंटमननेही काम केलं होतं, हे त्याने लॉइडच्या मृत्यूनंतर उघड केलं. यामुळे काहींना फसवलं गेल्यासारखं वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. जवळच्या दृश्यांत लटकणारा, घसरणारा, चेहऱ्यावर एकाच वेळी भीती आणि लाज दाखवणारा माणूस लॉइडच आहे, आणि या चढाईचं यश चेहऱ्यात आहे. घड्याळाची तबकडी पुढे झुकते तेव्हा आपण किंचाळतो आणि हसतो, दोन्ही एकाच श्वासात. ज्यासाठी चित्रपट जन्मला असं वाटावं, अशा मोजक्या क्षणांतला हा एक आहे.

एप्रिल १९२३ मध्ये ‘सेफ्टी लास्ट!’ प्रदर्शित झाला. त्याआधी दोन महिने, फेब्रुवारीत, लॉइडने आपली नायिका मिल्ड्रेड डेव्हिस हिच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी रोच आणि लॉइड गोडीने वेगळे झाले आणि हॅरल्ड लॉइड कॉर्पोरेशन उभं राहिलं. इथून पुढच्या चित्रपटांत पैसा त्याचा, जोखीम त्याची आणि मालकीही त्याची. पाथे आणि पुढे पॅरामाउंट हे केवळ वितरक. आधीच्या बहुतेक चित्रपटांवरही कालांतराने त्याचाच ताबा आला. हॉलिवूडमध्ये एवढं स्वातंत्र्य असलेले नट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कीटनला ते कधीच मिळालं नाही. १९२८ मध्ये तो एमजीएममध्ये नोकरदार नट झाला आणि त्याची कला तिथे चिरडली गेली.

रोचपासून वेगळं झाल्यानंतरच्या पाच वर्षांत स्वतंत्र लॉइडने जे दिलं ते त्याचं सर्वोत्तम काम. ‘गर्ल शाय’चा शेवटचा पाठलाग, ज्यात तो नायिकेचं चुकीचं लग्न थांबवायला मोटार, ट्रॅम, मोटरसायकल, घोडागाडी, मिळेल त्या वाहनाने धावतो, आजही श्वास रोखून धरायला लावतो. १९२५ चा ‘द फ्रेशमन’ हा कॉलेजात लोकप्रिय व्हायची धडपड करणाऱ्या मुलाचा चित्रपट. इथे एक मजेची गोष्ट घडली. ‘सेफ्टी लास्ट!’ उलट क्रमाने जमला म्हणून याही वेळी शेवटचा फुटबॉलचा सामना आधी चित्रित करायला घेतला. काही केल्या रंगेना. तो मुलगा कोण आहे, त्याने काय सोसलं आहे, हे माहीत नसताना त्याच्या सामन्यात जीव येणार कसा? सगळं टाकून दिलं आणि गोष्ट पहिल्या दृश्यापासून क्रमाने चित्रित केली. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या खऱ्या सामन्याच्या मध्यंतरात, बर्कलीच्या स्टेडियममध्ये जमलेल्या खऱ्या गर्दीसमोर, काही भाग टिपला. याच चित्रपटात नुसत्या कच्च्या टाक्यांचा सूट घालून तो नाचाच्या पार्टीला जातो आणि सूट तुकड्या-तुकड्याने उसवत जातो. पँट पडण्याचा विनोद फार वापरलेला म्हणून लॉइडने तो मुद्दाम टाळला होता. चाचणी खेळात लक्षात आलं की प्रेक्षक पँट पडायचीच वाट बघत आहेत. मग तोही भाग करून जोडला.

तरी मला विचाराल तर सगळ्यांत सुंदर चित्रपट १९२७ चा ‘द किड ब्रदर’. डोंगराळ गावातल्या शेरिफचा धाकटा, हडकुळा मुलगा; धडधाकट बाप आणि भावांच्या घरात स्वयंपाक आणि धुणी त्याच्याच वाट्याला. त्याला आवडलेली मुलगी उतारावरून निघून जाते. ती दिसेनाशी झाली की हा झाडावर थोडा वर चढतो, पुन्हा हाक मारून काहीतरी विचारतो. ती आणखी खाली जाते, हा आणखी वर. कॅमेराही त्याच्याबरोबर झाडावर चढत जातो, त्यासाठी झाडाशेजारी मनोरा बांधून पाळणा बसवला होता. जोबायना रॉल्स्टन ही या काळातली त्याची नायिका आणि हा त्यांचा शेवटचा एकत्र चित्रपट. पुढचा ‘स्पीडी’ न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित झाला. शहरातली शेवटची घोड्याची ट्रॅम वाचवायची गोष्ट, आणि बेसबॉलचा महान खेळाडू बेब रूथ स्वतःच्याच भूमिकेत लॉइडच्या टॅक्सीत जीव मुठीत धरून बसलेला.

बोलपट आला तेव्हा लॉइड डगमगला नाही. ‘वेलकम डेंजर’ मूक म्हणून तयार झाला होता. एका चित्रगृहात साध्यासुध्या आवाजांवर लोक खदखदून हसताना त्याने ऐकलं आणि चित्रपटाचा मोठा भाग आवाजासह पुन्हा केला. १९२९ मध्ये त्याने प्रचंड धंदा केला, कारण लॉइडचा आवाज सगळ्यांना ऐकायचा होता. १९३० च्या ‘फीट फर्स्ट’मध्ये त्याने इमारतीची चढाई पुन्हा केली. यावेळी त्याचं कण्हणं आणि मदतीच्या हाका ऐकू येत होत्या आणि हशा आटला. लटकलेला मुका माणूस थोडा स्वप्नातला असतो. तो ओरडू लागला की खरोखरच मरायला टेकलेला वाटतो. शिवाय मंदी आली होती. कष्ट केले की वर जाता येतं, ही चष्म्यातल्या तरुणाची श्रद्धा बेकारांच्या रांगेत उभ्या माणसाला पटणं अवघड होतं. ‘मूव्ही क्रेझी’ आणि ‘द मिल्की वे’ चांगले होते, पण चित्रपटांमधलं अंतर वाढत गेलं आणि १९३८ नंतर तो थांबला. दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसने त्याला १९४७ च्या ‘द सिन ऑफ हॅरल्ड डिडलबॉक’साठी परत आणलं. सुरुवातीला ‘द फ्रेशमन’चा सामना दाखवून, त्या विजयी मुलाचं पुढे काय झालं हे सांगणारी ती तेजस्वी कल्पना होती. निर्माता हॉवर्ड ह्यूजेसने चित्रपट मागे घेतला आणि कापून १९५० मध्ये दुसऱ्या नावाने आणला. लॉइडचा हा शेवटचा चित्रपट.

पैशाची त्याला ददात नव्हती. बेव्हर्ली हिल्समध्ये ‘ग्रीनेकर्स’ नावाचं चव्वेचाळीस खोल्यांचं घर, बागा आणि गोल्फचं मैदान, आणि दिवाणखान्यात वर्षभर सजलेलं नाताळचं झाड. चित्रं काढणं, त्रिमिती छायाचित्रं घेणं, श्राइनर्स या संस्थेचं अध्यक्षपद आणि त्यांच्या अपंग मुलांच्या रुग्णालयांचं काम, यांत तो रमला. १९५३ मध्ये ॲकॅडमीने त्याला मानद ऑस्कर दिलं.

आणि चित्रपट? ते ग्रीनेकर्समध्येच होते. ऑगस्ट १९४३ मध्ये तिथल्या फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटच्या रिळांसोबत त्याचं बरंच जुनं काम, विशेषतः लोन्सम लूकचे लघुपट, कायमचं गेलं. उरलेल्यावर त्याने अधिकच कडक पहारा बसवला. त्याच वर्षी युनिव्हर्सलने ‘सोज युअर अंकल’ हा चित्रपट काढला. त्यात ‘मूव्ही क्रेझी’मधला जादूगाराच्या कोटाचा प्रसंग जसाच्या तसा उचलला होता. लिहिणारा होता क्लाइड ब्रकमन, ‘मूव्ही क्रेझी’चाच दिग्दर्शक आणि कीटनच्या ‘द जनरल’चा सहदिग्दर्शक. लॉइड न्यायालयात गेला आणि १९४७ मध्ये अपिलातही चाळीस हजार डॉलरची भरपाई कायम झाली. कायद्याने लॉइड शंभर टक्के बरोबर होता. पण आधीच दारूने खचलेल्या ब्रकमनचे दरवाजे त्यानंतर बंद होत गेले. १९५५ मध्ये त्याने आत्महत्या केली. तो आत्मनाश एकट्या खटल्याच्या माथी मारता येणार नाही, तरीही हा प्रसंग वाचताना वाईट वाटतं.

दूरचित्रवाणी आली. चॅप्लिनचे कीस्टोन, एसने आणि म्युच्युअलचे लघुपट त्याच्या मालकीचे नव्हतेच. ते गल्लोगल्ली, शाळाशाळांत, मिळेल त्या प्रतीतून दाखवले गेले आणि मुलांच्या तीन-चार पिढ्या त्यावर वाढल्या. आपले मोठे चित्रपटही चॅप्लिन स्वतः पुन्हा पुन्हा चित्रगृहांत आणत राहिला. कीटनचे चित्रपट कीटनच्या हातात नव्हते, म्हणून ते इतरांनी शोधले, जुळवले, महोत्सवांत नेले आणि साठीच्या दशकात त्याचा पुनर्जन्म झाला. लॉइडने मात्र दूरचित्रवाणीवर एका चित्रपटाच्या दोन प्रक्षेपणांसाठी तीन लाख डॉलर मागितले, आणि ते देणारं कुणी नव्हतं. मध्ये मध्ये जाहिराती आल्या की हशाची चढण मोडते, चुकीच्या वेगाने फिल्म पळवली की अभिनय मरतो, ऑर्गनची साथ हवी, टिणटिण पियानो नको, असे त्याचे आक्षेप होते. यातला प्रत्येक आक्षेप कारागिराचा आहे आणि रास्त आहे. पण चित्रपट दिसलाच नाही तर त्याचा वेग बरोबर असून उपयोग काय? १९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकातल्या गाजलेल्या लेखात मूक विनोदाच्या चार थोरांत लॉइडला बसवलं, तेव्हा वाचकांकडे त्याचा चित्रपट पाहण्याची फारशी सोय नव्हती. १९६२ मध्ये त्याने निवडक प्रसंगांचा ‘हॅरल्ड लॉइड्स वर्ल्ड ऑफ कॉमेडी’ काढला, कान महोत्सवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पण तुकडे म्हणजे चित्रपट नव्हे. ज्याने आयुष्यभर विनोद स्वभावातून उभा केला, त्याची ओळख उरली ती केवळ चढाईचा माणूस म्हणून. जवळपास दोनशे चित्रपटांपैकी उंचीवरचे थरारपट जेमतेम पाच-सहा.

८ मार्च १९७१ रोजी कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. ग्रीनेकर्स लोकांसाठी खुलं राहावं अशी त्याची इच्छा होती. ते जमलं नाही आणि १९७५ मध्ये घर लिलावात विकलं गेलं. चित्रपटांचं नशीब त्याहून बरं निघालं. नात सुझान लॉइड हिने ते सांभाळले. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८९ मध्ये ‘द थर्ड जीनियस’ हा माहितीपट केला आणि कार्ल डेव्हिसच्या संगीतासह मूळ चित्रपट पूर्ण लांबीत, योग्य वेगात लोकांसमोर आले. ‘द फ्रेशमन’ आणि ‘सेफ्टी लास्ट!’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेले. जॅकी चॅनने ‘प्रोजेक्ट ए’मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावर लटकून त्याला आधीच सलाम केला होता.

१ जानेवारी २०१९ रोजी ‘सेफ्टी लास्ट!’वरचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपला. ‘द फ्रेशमन’, ‘द किड ब्रदर’ आणि ‘स्पीडी’ यांचेही हक्क त्यानंतरच्या पाच वर्षांत संपले. आपल्या फिल्म क्लबांनी, शाळांनी आणि वाचनालयांनी चांगली प्रत मिळवून यातला एखादा चित्रपट भरल्या सभागृहात दाखवावा. लहान मुलांना पुढच्या रांगेत बसवावं आणि सुरुवात ‘द किड ब्रदर’ने करावी.